करी, कढी आणि कालवण : एका शब्दाचा प्रवास आणि आपले घर



मराठीच्या तासाला आम्ही सातवीच्या वर्गाला एक सोपा प्रश्न दिला होता. 'काल रात्री तुमच्या घरी भाकरीबरोबर किंवा पोळीबरोबर काय केले होते, ते एका ओळीत लिहा.' वह्या तपासायला घेतल्या आणि आम्ही थोडे थांबलो. काहींनी 'सब्जी' लिहिले होते, काहींनी 'शाक', आणि बऱ्याच जणांनी 'करी'. बटाट्याची करी, अंड्याची करी, मटकीची करी. एका मुलीने लिहिले होते, 'बेसनच्या गोळ्यांची करी.' तिला जवळ बोलावून विचारले, तेव्हा कळले की धुळ्याहून आलेल्या तिच्या आजीने डुबुकवड्या केल्या होत्या. 'मग तसे का नाही लिहिलेस?' असे विचारताच ती खाली बघून म्हणाली, 'बाई, ते घरी बोलायचं असतं. वहीत लिहायचं नसतं ना?'

त्या एका वाक्यासाठी हा पाठ लिहावासा वाटला. 'करी' हा शब्द वाईट आहे असे आम्हाला सांगायचे नाही. तो आला कुठून, गेला कुठे आणि परत आला तेव्हा त्याच्यात काय उरले होते, हे एकदा नीट पाहू. मग डुबुकवड्या वहीत लिहायच्या की नाही, हे तुम्हीच ठरवा.

शब्दाचे मूळ घर

'करी' हा शब्द इंग्रजांनी तयार केलेला नाही. तो मूळचा दक्षिणेतला आहे. तमिळ भाषेत 'कऱि' असा एक जुना शब्द आहे. अगदी प्राचीन तमिळ काव्यात तो मिरी या अर्थाने येतो. पुढे भाताबरोबर खायच्या मसालेदार भाजीला किंवा मांसाला हाच शब्द लागला. आजही तमिळमध्ये भाजीपाल्याला 'काय्कऱि' म्हणतात आणि मल्याळममध्ये 'पच्चक्कऱि' म्हणतात. म्हणजे मूळ घरी या शब्दाचा अर्थ पिवळा रस्सा असा नव्हता. भात हे मुख्य अन्न, आणि त्याला चव आणणारे जे काही ते 'कऱि', असा हा हिशेब होता.

असाच हिशेब आपल्याकडेही आहे. संस्कृतमध्ये मुख्य अन्नाबरोबर खायच्या पदार्थांना 'व्यंजन' म्हणतात. व्याकरणाच्या तासाला तुम्ही स्वर आणि व्यंजन शिकता, तोच हा शब्द. क्, ख्, ग् हे स्वराच्या आधाराशिवाय नीट उच्चारता येत नाहीत, आणि ताटातले व्यंजनही नुसते खायचे नसते. त्याला भाताचा किंवा भाकरीचा आधार लागतो. आपल्या घरातला 'तोंडीलावणे' हा शब्द नेमके हेच सांगतो.

येथे मुलांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्या काळच्या स्वयंपाकात लाल मिरची नव्हती. मिरची, बटाटा आणि टोमॅटो हे तिन्ही अमेरिका खंडातले. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला आला, आणि त्यानंतर पोर्तुगीजांच्या व्यापारामुळे मिरची आपल्या किनाऱ्यावर उतरली. तोवर तिखटपणा मिरीचा आणि आल्याचा. नव्या फळाला नाव देताना आपल्या लोकांनी 'मिरी'वरूनच 'मिरची' हा शब्द घडवला. वस्तू परकी असली तरी नाव घरचे, ही आपल्या भाषेची जुनी रीत आहे.

गोव्याचा किनारा आणि आपली सुरत

दक्षिणेतला हा शब्द पोर्तुगीजांनी उचलला आणि त्याचे 'करील' केले. पोर्तुगीज भाषेत आजही तो तसाच आहे. यान हुयगेन फान लिन्सखोटन नावाचा एक डच तरुण १५८३ मध्ये गोव्यात आला आणि तेथील आर्चबिशपचा कारकून म्हणून सुमारे पाच वर्षे राहिला. त्याचे प्रवासवर्णन १५९६ मध्ये डच भाषेत आणि १५९८ मध्ये इंग्रजीत छापले गेले. गोव्याचे लोक मासे आंबटसर रस्श्यात शिजवतात, तो रस्सा भातावर घेतात आणि त्याला असे म्हणतात, अशी नोंद त्याने केली आहे. आंबट रस्सा, मासे आणि भात हे वर्णन वाचून कोकणातल्या कोणालाही स्वतःच्या घरचे ताट आठवेल. गोव्यात हे जेवण आजही 'शीत-कडी' म्हणून रोज जेवले जाते.

यानंतर आपले सुरत येते. पिएत्रो देल्ला वाल्ले हा इटालियन प्रवासी १६२३ मध्ये समुद्रमार्गे सुरतेला उतरला. येथून तो खंभात आणि अहमदाबाद पाहून पुढे गोव्याला आणि कर्नाटकात गेला. त्याच्या पत्रांतही 'करील' आहे. नारळाचा रस, लोणी आणि तऱ्हेतऱ्हेचे मसाले घालून केलेले, भातावर ओतून खायचे कालवण, असे त्याने ते समजावून दिले आहे.

इंग्रजांची सुरतेतील वखार १६१३ पासूनची. जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज पाद्री १६८९ मध्ये येथे आला. त्याचे सुरतेवरचे पुस्तक १६९६ मध्ये निघाले. वखारीतल्या जेवणासाठी एक इंग्रज, एक पोर्तुगीज आणि एक हिंदी असे तीन स्वयंपाकी ठेवलेले होते, असे तो सांगतो. पुलाव, कबाब आणि दमपुख्त कोंबडी यांची वर्णने त्याच्या पुस्तकात आहेत. तापीकाठच्या त्या एका स्वयंपाकघरात तीन भाषा एकाच चुलीभोवती बोलल्या जात असतील. परके शब्द दुसऱ्या भाषेत शिरतात ते असेच, एकत्र काम करता करता.

पुढे १६३९ नंतर मद्रासेत इंग्रजांचे बस्तान बसले. तेथे त्यांना तमिळ शब्द थेट ऐकू येऊ लागला. पोर्तुगीजांकडून ऐकलेला आणि तमिळ लोकांकडून ऐकलेला, असे दोन्ही मिळून इंग्रजीतला 'करी' तयार झाला. इंग्रजांनी हिंदुस्थानातून उचललेल्या शब्दांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा प्रसिद्ध कोश १८८६ मध्ये निघाला. त्यातही या शब्दाचे मूळ तमिळ असेच दिले आहे.

लंडनला गेल्यावर काय झाले?

१७४७ मध्ये हॅना ग्लास या बाईंचे पाककृतींचे पुस्तक इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाले. 'हिंदुस्थानी पद्धतीची करी' त्यात आहे. पहिल्या आवृत्तीतल्या या करीत मसाला म्हणून धने आणि मिरी एवढेच होते. हळद आणि आले पुढच्या आवृत्त्यांत आले. त्याच शतकाच्या अखेरीस लंडनच्या दुकानांत 'करी पावडर' मिळू लागली. १८१० मध्ये पाटण्याच्या दीन महोमेत यांनी लंडनमध्ये हिंदुस्थानी जेवणाची खाणावळ काढली. ती फार काळ चालली नाही, परंतु हिंदी माणसाने विलायतेत चालवलेली ती पहिली खाणावळ म्हणून तिची आठवण ठेवली जाते.

करी पावडर ही सोयीची वस्तू होती, यात शंका नाही. परदेशी बाईने धने किती भाजावेत, मिरी केव्हा घालावी, हे कोणाला विचारावे? डबी उघडली, चमचाभर पूड घातली, झाले काम. मात्र या सोयीची एक किंमत होती. मद्रासचे, गोव्याचे, बंगालचे, सुरतेचे असे वेगवेगळे पदार्थ एकाच पुडीत आणि एकाच नावात बसवले गेले. आपल्याकडे कोणतीही गृहिणी सगळ्या पदार्थांना एकच मसाला वापरत नाही. आमटीला गोडा मसाला, खानदेशी रस्श्याला काळा मसाला, कढीला जिरे-आले, आणि साध्या वरणाला हिंग-हळद पुरते. विलायतेत हा फरक पुसला गेला आणि 'करी' म्हणजे हिंदुस्थानातले काहीही ओले आणि पिवळे, असा अर्थ रूढ झाला.

तेथून हा शब्द जगभर फिरला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांमार्फत तो जपानला पोहोचला, आणि 'कारे राइसू' म्हणजे करी-भात हे आज जपानी मुलांचे आवडते जेवण आहे. १९४९ मध्ये बर्लिनमध्ये सॉसेजवर करी पावडर भुरभुरून 'करीवुर्स्ट' नावाचा पदार्थ निघाला. या पदार्थांना आपण हसू नये. त्या लोकांनी तो शब्द आपलासा केला आणि त्याला स्वतःचा अर्थ दिला. प्रश्न एवढाच आहे, की तोच शब्द आपल्या घरी परत येतो तेव्हा आपण त्याच्यासाठी घरातले कोणते शब्द बाहेर काढतो?

करी आणि कढी ही भावंडे नव्हेत

'बाई, करी हा शब्द कढीवरून आला ना?' असे मुले विचारतात. पुष्कळ मोठी माणसेही तसे सांगतात. परंतु आपली 'कढी' ही 'कढणे' या क्रियेपासून आली. संस्कृतमध्ये 'क्वथ्' म्हणजे उकळणे. त्यापासून 'क्वाथ', आणि क्वाथापासून सर्दी झाल्यावर आई देते तो 'काढा'. म्हणजे कढी आणि काढा ही एका घरची भावंडे झाली. 'करी' दक्षिणेच्या घरची. दोघी ऐकायला सारख्या वाटतात, एवढेच.

शब्दांची मुळे शोधताना आवाजाच्या सारखेपणावर भरवसा ठेवू नये, याची आणखी दोन उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण इंग्लंडचे. तेथे १३९० च्या सुमाराचे, राजा दुसरा रिचर्ड याच्या आचाऱ्यांचे एक पाककृतींचे पुस्तक आहे. त्याच्या नावात 'क्युरी' असा शब्द आहे. म्हणून करी हा मूळचा इंग्रजीच शब्द, असे काहीजण म्हणतात. परंतु तो 'क्युरी' फ्रेंचमधून आलेला असून त्याचा अर्थ नुसता 'स्वयंपाक' असा आहे. आपल्या करीशी त्याचा संबंध नाही.

दुसरे उदाहरण आपल्याकडचे. तंजावरला मराठ्यांचे राज्य होते, तेथे संभाजी महाराजांच्या स्वागतासाठी आमटीत चिंच घातली गेली, आणि महाराजांच्या नावावरून 'सांबार' नाव पडले, ही गोष्ट मुले मोठ्या आवडीने सांगतात. ती गोष्ट म्हणून ऐकायला गोड आहे. परंतु संस्कृतमध्ये 'संभार' म्हणजे गोळा केलेले साहित्य. आपल्या गुजराती शेजारणीला विचारा, लोणच्यात भरायच्या मसाल्याला ती 'संभार' म्हणेल, आणि फाफड्याबरोबर येणारा पपईचा 'संभारो' तर तुम्ही रोज खाता. विदर्भात 'सांबार' म्हणजे कोथिंबीर. हे सगळे शब्द शेजारी मांडले, की गोष्टीपेक्षा शब्दच जास्त बोलू लागतात.

पानाचे नाव

भेस्तानच्या भाजीबाजारात 'कढीपत्ता द्या' म्हटले, तर भाजीवाली मावशी 'मीठो लीमडो?' असे विचारते. तमिळमध्ये या पानाचे नाव 'कऱिवेप्पिलै'. वेप्पु म्हणजे कडुनिंब, इलै म्हणजे पान. करीत घालायचे निंबाचे पान, असा त्याचा अर्थ. कन्नडमध्ये 'करिबेवु', आणि बेवु म्हणजेही कडुनिंब. मराठीत त्याला 'कढीलिंब' म्हणतात आणि 'गोडनिंब'ही म्हणतात. गुजरातीतला 'मीठो लीमडो' म्हणजेही गोड निंबच.

पाहा, या सर्व लोकांनी पानाकडे पाहिले आणि सर्वांना कडुनिंबाची आठवण झाली. हे पान कडू नाही, एवढाच फरक. भाषा वेगळ्या, परंतु पाहण्याची दृष्टी एक. इंग्रजीतले 'करी लीफ' हे नाव तमिळ नावाचा पहिला तुकडा घेऊन झाले. निंब मात्र वाटेत गळून पडला.

आपल्या चुलीवरचे शब्द

आता आपल्या स्वयंपाकघरात या. 'करी' या एका शब्दाखाली जे शब्द झाकले जातात, ते एकेक करून उघडून पाहू.

आमटी : 'आम्ल', 'आंबट' यांच्या घराण्यातला शब्द. चिंच किंवा आमसूल असलेच पाहिजे, हे नावातच सांगितले आहे.

कालवण : 'कालवणे' या क्रियेपासून. ज्यात भात किंवा भाकरी कालवून खायची ते.

रस्सा : 'रस' या शब्दापासून. फोडींपेक्षा रसाला महत्त्व.

कोरड्यास : कोरड्या भाकरीस लावून खायचे ते. हा शब्द आता घाटावरच्या वयस्क माणसांच्याच तोंडी ऐकू येतो.

सार : 'सार' म्हणजे सत्त्व, अर्क. म्हणून टोमॅटोचे किंवा आमसुलाचे सार पातळच असते.

पिठले : पिठापासून केलेले.

कटाची आमटी : पुरणाची डाळ शिजल्यावर काढलेले पाणी म्हणजे कट. त्याची आमटी. डाळीचे पाणीही वाया जाऊ न देणाऱ्या घराचा हा शब्द.

डुबुकवड्या : उकळत्या रस्श्यात बेसनाचे गोळे सोडताना होणाऱ्या आवाजावरून पडलेले नाव. नाव उच्चारले की पातेल्यातला आवाज ऐकू येतो.

या यादीकडे नीट पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. आपली नावे म्हणजे छोट्या पाककृतीच आहेत. आमटी म्हटले की चिंच आठवते. पिठले म्हटले की पीठ आठवते. कालवण म्हटले की कसे खायचे ते कळते. डुबुकवड्या म्हटले की रस्सा आधी उकळायला हवा, हेसुद्धा समजते. 'करी' म्हटले की यातले काहीच कळत नाही, कारण प्रवासात त्या शब्दाचा सगळा मसाला उडून गेला आहे.

म्हणून आम्हाला काळजी वाटते. आज मूल 'आमटी'ऐवजी 'करी' म्हणाले, तर आजच्या जेवणात फरक पडत नाही. आई चिंच घालतेच. परंतु वीस वर्षांनी ते मूल स्वतःच्या घरी करी करील, तेव्हा चिंच घालायची आठवण त्याला कोण करून देणार? नाव गेले की कृती फार दिवस टिकत नाही.

भेस्तानची गल्ली

आपण जेथे राहतो ते ठिकाण या अभ्यासासाठी फार चांगले आहे. आपल्यापैकी अनेकांची घरे धुळे, जळगाव, नंदुरबारकडून आलेली. उधना-जळगाव रेल्वेमार्गाने आजी-आजोबा आले, लूमवर आणि मिलमध्ये कामाला लागले. शेजारच्या खोलीत ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातले कुटुंब, पलीकडे तेलुगू विणकर, समोर उत्तर प्रदेशचे आणि खाली दुकान गुजराती भाईंचे. एकाच पाण्याच्या नळावर उडिया 'तरकारी', तेलुगू 'कूर', हिंदी 'सब्जी', गुजराती 'शाक' आणि मराठी 'भाजी' हे पाचही शब्द ऐकू येतात.

कढीचेच पाहा. गुजराती कढीत गूळ किंवा साखर असते आणि ती गोडसर लागते. आपली कढी ताकाची, आले-मिरची घातलेली. सिंधी कढीत ताक नसतेच. ती बेसन आणि चिंचेची, भरपूर भाज्या घातलेली. गोव्याच्या कडीत मासे. नाव सारखे असले तरी प्रत्येकाच्या घरी कढी वेगळी, आणि प्रत्येकाला आपलीच खरी वाटते. यात भांडणाचे कारण नाही. मुलांनी चारही चाखून पाहाव्यात आणि चारही नावे शिकावीत.

मग 'करी' म्हणायचे नाही का?

जरूर म्हणावे. हॉटेलात, परदेशी पाहुण्याशी बोलताना, इंग्रजीच्या पेपरात तो शब्द उपयोगी आहे. तमिळ घरापासून लंडन-जपानपर्यंत फिरून आलेल्या शब्दाचा आदरच करावा. शिवाय आपण स्वतः गाव सोडून आलेली माणसे आहोत. गाव सोडलेल्या शब्दाला आपण नावे कशी ठेवणार?

परंतु त्याच्या प्रवासातून एक धडा घ्यावा. परगावी गेलेला शब्द टिकला, पण त्याचा अर्थ पातळ झाला, कारण त्या अर्थाची आठवण ठेवणारे कोणी त्याच्याबरोबर नव्हते. आपल्याबरोबर आजी आहे, आई आहे, ही शाळा आहे. मराठी वर्गात मूल घालताना पालक आज दोनदा विचार करतात, हे आम्ही रोज पाहतो. त्यांची चिंता खरी आहे. मुलाला गुजराती, हिंदी, इंग्रजी सगळे आले पाहिजे. आमचे म्हणणे इतकेच, की नवा शब्द शिकवताना घरातला शब्द चुकीचा आहे, असे मुलाला वाटू देऊ नये. ते जाऊबाई-नणंदेसारखे एका घरात नांदू शकतात.

त्या मुलीच्या वहीत आम्ही लाल शाईने काहीही खोडले नाही. तिला एवढेच सांगितले, की खाली आणखी एक ओळ लिही आणि आजीला विचारून कृती लिहून आण. दुसऱ्या दिवशी तिने दीड पान भरून आणले. वरती ठळक अक्षरात 'डुबुकवड्या' असे लिहिले होते. काळ्या मसाल्यात काय काय पडते, हे आजीने सांगितले होते आणि आईलाही ते नव्याने कळले होते.

करून पाहा

१. एक आठवडा रोज रात्रीच्या जेवणातील पदार्थांची नावे घरात जशी बोलली जातात तशीच लिहा. अहिराणी नाव असेल तर अहिराणीतच लिहा.

२. प्रत्येक नाव कशावरून पडले असेल ते आजी-आजोबांना विचारा : चवीवरून, वस्तूवरून, क्रियेवरून की आवाजावरून?

३. शेजारच्या दोन वेगळ्या भाषांच्या घरी जाऊन 'कढी' आणि 'कढीपत्ता' यांना काय म्हणतात ते विचारा.

४. घरातून जवळजवळ नाहीसा झालेला एक शब्द शोधून आणा.

पालकांना विनंती, की मुले हे प्रश्न विचारायला येतील तेव्हा टीव्ही थोडा वेळ बंद ठेवावा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना बोलू द्यावे. विश्वस्त मंडळींना विनंती, की जमलेल्या शब्दांची एक वही शाळेच्या ग्रंथालयात ठेवण्याची परवानगी द्यावी. वहीचे पहिले पान भरलेले आहे.